याडीचा ‘या’

फोटो काढून झाले आणि सर पुस्तकं गोळा करायला लागले.

मला त्या शाळेत बदलून येऊन महिनाही झाला नव्हता. महागाव तालुक्यातला बंजारा तांडा, चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि शिक्षक दोघेच, मुख्याध्यापक सर आणि मी. वाचन दिवस साजरा करून लगेच फोटो पाठवा, असा निरोप सकाळीच तालुक्यावरून मोबाइलवर आला होता. सरांनी ऑफिसातली लोखंडी पेटी उघडली, आतली गोष्टींची पुस्तकं काढली, मुलांना व्हरांड्यात रांगेनं बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं. “पुस्तकात पाहा, माझ्याकडे पाहू नका,” असं बजावून त्यांनी फोटो घेतले. पहिलीतल्या एकानं पुस्तक उलटं धरलं होतं, ते मी वाकून सरळ केलं. फोटो गेले. मग सर रांगेच्या एका टोकापासून एकेक पुस्तक काढून घेत निघाले.

तिसरीतल्या एका मुलीनं पुस्तक सोडलं नाही. तिच्या पुस्तकावर तळ्यात बसलेल्या म्हशीचं चित्र होतं. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात, काठावर माणसं जमलेली, कुणी दोरी ओढतंय, कुणी वैरण दाखवतंय. तिनं दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं आणि सरांना नाही, मला विचारलं, “मॅडम, ते म्हैस निंगाली का मंग?”

“उद्या पाहू,” सर म्हणाले आणि पुस्तक घेतलं. पेटीला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या मोटारसायकलच्या किल्लीच्याच रिंगमध्ये असायची, त्यामुळे सर घरी गेले की पुस्तकंही गेल्यासारखीच.

उद्या पेटी उघडली नाही. परवाही नाही. मी विचारलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमी नवीन आहात म्हणून सांगतो. पुस्तकं लेकरायची आहेत, पण सही माही आहे.” आधीच्या शाळेत त्यांनी पुस्तकं मोकळी ठेवली होती. बदलीच्या वेळी चार्ज देताना त्यातली बरीच सापडली नाहीत आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना खुलासे देत बसावं लागलं. त्या खुलाशांनी त्यांना कायमचं घाबरवलं होतं. एरवी माणूस चांगला. चौथीच्या मुलांना भागाकार ते गोट्या घेऊन असा शिकवत, की मीही दारात उभी राहून ऐकत असे. पण कागद म्हटला की त्यांचा चेहरा बदले.

दुसरी आणि तिसरी माझ्याकडे होती. मुलं पाठ्यपुस्तकातला धडा धडाधडा वाचायची. एकानं सुरुवात केली की सगळे एका सुरात, माना हलवत, पानाच्या शेवटापर्यंत. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं. मग मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? एकानं धडा पहिल्यापासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत यायचा प्रयत्न केला, मध्येच चुकला आणि खाली बसला. धडा सगळ्यांना पाठ होता. वाचता कुणालाच येत नव्हतं. ही तिसरीची मुलं. कागदोपत्री यांनी सलग परिच्छेद वाचायला हवा, त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला हवीत, आणि तशी ती लिहीत असल्याची नोंद मागच्या वर्षी झालेलीही होती.

मग मी अक्षरांपासून सुरुवात केली. शाळेत चित्रकार्डांचा एक संच होता, वर चित्र, खाली शब्द आणि शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, लाल. मी आईचं कार्ड त्या म्हशीवाल्या मुलीपुढे धरलं. बाई चुलीपुढे बसली आहे, मांडीवर बाळ आहे. खाली लाल ‘आ’.

“हे काय आहे? आवाज कर पाहू याचा.”

“या,” ती म्हणाली.

“नीट बघ. आ.”

तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “या,” पुन्हा म्हणाली, जरा हळू.

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. मी पुढचं कार्ड धरलं. ताटलीत भाकरी, खाली ‘भ’. ती म्हणाली, “ब.” बाकीची मुलंही ‘ब’ म्हणाली. एकानंही ‘भ’ म्हटलं नाही. मी कार्ड खाली ठेवलं आणि चित्रावर बोट ठेवून विचारलं, “हे कोण?”

“याडी,” सगळे म्हणाले.

“आणि हे?”

“बाटी.”

आईला ती मुलं घरी याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. रोज तांड्यात येऊन, त्यांच्या आयांशी बोलून हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कार्ड हातात घेताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या मुलीनं चित्र बरोबर ओळखलं होतं, शब्द बरोबर आठवला होता, त्याचा पहिला आवाजही बरोबर वेगळा काढला होता. वाचनासाठी जे जे करावं लागतं ते सगळं तिनं केलं होतं, आणि तिच्यापुढचं कार्ड तिला सांगत होतं की तू चुकलीस. तीन वर्षं हेच चाललं होतं. पहिलीपासून ही मुलं बरोबर उत्तरं देत होती आणि चुकीची ठरत होती. मग त्यांनी पाठांतराचा सोपा रस्ता धरला यात नवल काय?

मला माझी शाळा आठवली. माझं माहेर बाभुळगावकडचं, कापूस-तुरीच्या घरातलं. पहिलीत मी बाईंना म्हटलं होतं, “मले तहान लागली.” बाई म्हणाल्या, “मले नाही, मला.” मी पुन्हा म्हटलं, “मले.” वर्ग हसला. त्यानंतर बरेच दिवस मी शाळेत तहान लागली तरी पाणी मागितलं नाही, घरी येऊन प्यायचे. आणि आता या तांड्यावर शुद्ध भाषा म्हणजे मी होते. मला त्या कार्डांचा राग आला, ती छापणाऱ्यांचा आला आणि कितीतरी वर्षं ती कार्डं तशीच पुढे सरकवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, याडी. ‘या’ खाली बोट ठेवलं आणि आवाज केला, ‘डी’ खाली ठेवलं आणि आवाज केला. दोन्ही जोडायच्या आधीच मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “याडी.” मुलं फळ्याकडे अशी पाहत होती की जणू त्यांच्या घरातलं माणूस न सांगता वर्गात येऊन उभं राहिलंय. त्या मुलीनं विचारलं, “मॅडम, आमची बोली लिहिता येते?”

“येते की.”

“मंग बाटी लिहा.”

मी बाटी लिहिलं. मग त्यांनीच शब्द सांगायचे आणि मी लिहायचे, असं दुपारच्या खिचडीपर्यंत चाललं. जे शब्द मला कळत नव्हते ते त्यांनी हातवारे करून समजावले. एक शब्द तर मला समजावा म्हणून एक पोरगा वर्गभर रांगला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. पुढच्या काही आठवड्यांत मी त्यांच्या शब्दांतून अक्षरं घेतली आणि त्या अक्षरांवरून मराठी शब्दांकडे नेलं. बाटीच्या ‘ब’वरून बस, बदक, बाजार. याडी लिहून तिच्या शेजारी आई. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मला घरी जाताना शीण वाटेनासा झाला होता.

मग मी पेटीसाठी भांडले. भांडले म्हणजे रोज मधल्या सुट्टीत सरांपुढे जाऊन उभी राहिले. शेवटी सर कंटाळून म्हणाले, “बरं. पण वर्गातच वाचायची, घरी नाही. अन् जबाबदारी तुमची.” मी लिहून दिलं. पेटी माझ्या वर्गात आली.

त्या मुलीनं सगळ्यांत आधी म्हशीचं पुस्तक शोधलं. दोन दिवस ती त्यावर वाकून बसली होती. जोडाक्षर आलं की थांबायची, मला न विचारता पुढच्या शब्दावरून अंदाज घ्यायची, पुन्हा मागे यायची. शेवटचं पान झाल्यावर माझ्याकडे आली. गोष्टीत सगळे लोक थकून घरी गेल्यावर म्हैस आपली आपण उठून बाहेर येते.

“निंगाली का मग?” मी विचारलं.

“निंगाली. पण कोणी काहीच नाई केलं, मॅडम. थे तं आपली आपणच निंगाली.” ती नाराज दिसली. “एवढ्यासाठी एवढं मोठं पुस्तक लिहिलं?”

आजवर कुणी मुलानं मला पुस्तक आवडलं नाही असं सांगितलं नव्हतं. पुस्तक चांगलंच असतं असं त्यांना शिकवलेलं असतं. मला फार आनंद झाला. मी तिला म्हटलं, दुसरं घे, ते आवडतं का बघ. तिनं घेतलं. मग तिसरं. मग ती घरी न्यायला मागू लागली, कारण तिला लहान भाऊ होता, दीड-दोन वर्षांचा, आणि शाळा सुटली की तो झोपेपर्यंत तिच्याच कडेवर असे. घरी नाही, असं मी लिहून दिलं होतं. तरीही दिलं.

त्या पुस्तकाची अर्धी पानं त्यांच्या शेळीनं खाल्ली.

ती सकाळी रडत आली. हातात उरलेली पानं होती, कडा ओल्या आणि चावलेल्या. तिच्या वडिलांनी तिला मारलं होतं, आधी शेळीला आणि मग तिला. मी तिला वर्गात बसवलं आणि पानं घेऊन सरांकडे गेले. लपवण्यात अर्थ नव्हता.

सरांनी पानं उलटीपालटी केली. “मी म्हटलं होतं का नाही?”

“सर, शेळीच्या तोंडी जायला पुस्तक घरापर्यंत तर गेलं. पेटीत असतं तर वाळवीनं खाल्लं असतं.”

“वाळवीनं खाल्लं तं तसा शेरा मारता येते, मॅडम. शेळीनं खाल्लं म्हणून काय लिहू?”

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरोखर काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी म्हटलं, मी दुसरं पुस्तक आणून देते, तसंच नाही तर तसलंच. रविवारी मी पुसदच्या बाजारात फिरले. मी राहते पुसदला, शाळेत स्कूटीनं जाते-येते. पुसदला शाळा आहेत, क्लासेस आहेत, पुस्तकांची दुकानं आहेत. पहिल्या दुकानात मी म्हटलं, लहान मुलांची गोष्टींची पुस्तकं दाखवा. त्यानं चौथीचं गाइड काढलं. दुसऱ्यानं विचारलं, “स्कॉलरशिपचं का?” तिसऱ्या दुकानात निबंधमाला, सुंदर हस्ताक्षराच्या वह्या आणि पाढ्यांचे तक्ते होते. “गोष्टींची कोण घेते, मॅडम? मोबाइलवर सगळं असते आता,” दुकानदार म्हणाला. शेवटी एका जुन्या दुकानात, माळ्यावरच्या खोक्यात, नावापुरती चार-पाच पुस्तकं सापडली. अक्षर इतकं बारीक होतं की मलाच चष्मा लावावा लागला. एवढ्या मोठ्या तालुक्याच्या गावात आठ वर्षांच्या मुलीला वाचता येईल अशा पुस्तकासाठी अख्खी दुपार हिंडावं लागतं, आणि मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी याचं प्रशिक्षण मात्र आम्हाला दरवर्षी मिळतं.

मी त्यातलं एक पुस्तक सरांना दिलं. त्यांनी घेतलं आणि पेटीत ठेवलं. पेटी पुन्हा ऑफिसात गेली.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले. फळ्यावर बोलीतले शब्द आणि शेजारी मराठी असं लिहिलेलं होतं. ते थोडा वेळ वाचत उभे राहिले.

“हे काय आहे, मॅडम?”

मी सांगितलं. प्रशिक्षणातच सांगितलं होतं, मुलांच्या घरच्या भाषेपासून सुरुवात करा.

“प्रशिक्षणातलं वेगळं,” ते म्हणाले. “चाचणीचा पेपर मराठीत येते. याडी लिहिलं तर मार्क भेटणार आहे का?”

“पण आता वाचायला लागली ना, सर. ऐकून पाहा.”

त्यांनी दोन मुलांचं वाचन ऐकलं. मुलांनी बरं वाचलं. त्यांनी मान डोलावली, चांगलं आहे म्हणाले, आणि जाताना शेऱ्यात लिहिलं की फलकलेखन प्रमाण भाषेत असावे. आपण दोन मुलं वाचताना ऐकली, हे कुठंच लिहिलं नाही.

हे मी सहन केलं असतं. वरून येणारं सहन करायची आम्हाला सवय असते. पण पुढच्या आठवड्यात त्या मुलीचे वडील शाळेत आले. उंच, शांत माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. पुस्तकाबद्दल काही बोलायला आले असतील असं वाटून मीच आधी म्हटलं, “शेळीचं काही मनात ठेवू नका. पोरीला मारू नका पुन्हा.”

“त्याच्यासाठी नाई आलो, मॅडम. तुमी लेकरायले आमची बोली शिकवून राह्यल्या म्हंते.”

“शिकवत नाही. ती त्यांना येतेच. त्यातून मराठी वाचायला शिकवते.”

“कायले? बोली घरी आहेच. ते याडीच्या पोटातून येते. शाळेत पाठवतो ते मराठी यावं म्हणून, इंग्रजी यावं म्हणून.” आवाज चढलेला नव्हता. “मी सातवीत होतो तवा तालुक्याच्या शाळेत गेलतो. उभं राहून बोललो की पोट्टे हसत. मास्तर भी हसे. तांड्यावरचा म्हणत. एक दिवस दप्तर घेऊन घरी आलो, परत गेलो नाई. माह्या पोरीले तसं व्हाले नाई पाह्यजे.”

मी माझं ‘मले’ आणि ‘मला’ त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं तेवढंच होतं, मॅडम. एका अक्षराचं. आमचं सगळंच हसण्यासारखं होतं.”

मी त्यांच्या मुलीला हाक मारली आणि पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान उघडून वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, थांबत थांबत, पण खरं वाचलं. वडील खाली पाहत ऐकत होते. पान संपल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “मराठीच वाचाले लावत जा, मॅडम.” आणि गेले.

त्यानंतर मी फळ्यावर बोली लिहिणं बंद केलं. तोंडी चालू ठेवलं. पण फळ्यावर आपला शब्द दिसतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते तोंडी सांगून येत नाही, आणि मुलांनाही समजलं होतं की काहीतरी आपल्याकडून चुकलंय. कुणी बोलीतला शब्द म्हटला की दुसरा त्याला कोपरानं ढोसायचा.

दिवाळी झाली की तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. उसाच्या जिल्ह्यांतून मुकादमाच्या गाड्या येतात, भांडी, अंथरुणं, शेळ्या, मुलं सगळं चढतं आणि शाळेचा पट तसाच राहतो पण वर्ग रिकामा होतो. त्या मुलीचं घरही जाणार होतं. मी तिच्या आईला भेटले. मुलीला मावशीकडे ठेवा, मी तिच्याकडे लक्ष देते, म्हटलं. शाळेत अशा मागे राहिलेल्या मुलांसाठी दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करता येते, तसा प्रस्ताव आम्ही पाठवला होता. मंजुरी आली नव्हती. आई भांडी पोत्यात भरत होती. “तिले ठेवलं तं याले कोण पाहीन?” तिनं धाकट्याकडे बोट केलं. “आमी दोघं तं उसाच्या फडात राहू.”

मुलीला जिथं जाईल तिथल्या शाळेत बसवावं असं एक कार्ड आम्ही देतो, ते दिलं. पुसदहून आणलेल्या त्या बारीक अक्षरांच्या पुस्तकांतलं एक दिलं. ती गाडीत भांड्यांवर बसली होती, भाऊ मांडीवर. जाताना तिनं हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांनी तिनं भावाला धरलं होतं.

मंजुरीचं पत्र गाड्या गेल्यानंतर आलं. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, मी उठून हे सांगितलं. प्रस्ताव पावसाळ्यातच मागवा, म्हटलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. मी लेखी दिलं. पुढच्या महिन्यात त्याबद्दल विचारलं तर पुन्हा म्हणाले, लेखी द्या. त्या बैठकीत उरलेला वेळ वाचनाचं महत्त्व या विषयावर गेला.

ती माणसं परत आली तेव्हा उन्हं तापली होती. मुलगी शाळेत आली ती उंच झालेली, केस भुरकट, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी सरांकडून किल्ली मागून घेतली, पुस्तक काढलं आणि तिला दिलं. तिनं पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीतल्या जोडाक्षरावर थांबली. पूर्वी अशी थांबली की पुढे-मागे पाहायची, अंदाज बांधायची. आता नुसती थांबली. मग पुस्तक मिटून माझ्या टेबलावर ठेवलं.

“नको, मॅडम.”

“का गं? विसरलीस? येईल परत.”

तिनं दप्तर उचललं आणि मागे जाऊन बसली. दोन दिवसांनी तिचे वडील रस्त्यात भेटले. मी स्कूटी थांबवली. ते म्हणाले, “तिकडं फडाजवळ शाळा होती. तुमचं कार्ड घेऊन मी सोता नेलतं तिले. मास्तरनं वाच म्हटलं. तिनं बरोबर वाचलं, मॅडम. मी खिडकीतून ऐकलं. मंग त्यानं विचारलं, कोणत्या गावची, काय करते. ती बोलली. ते पोट्टे हसले.” त्यांनी डोक्यावरचा तुरीच्या काड्यांचा भारा खाली उतरवला. “चार दिवस गेली. मंग म्हणे, भावाले पाहाले कोणी नाई, मी नाई जात.”

“तुम्ही म्हटलं होतं ते खरं झालं,” मी म्हटलं.

“नाई, मॅडम. मी तं म्हटलं होतं मराठी आलं की कोणी हसणार नाई. तिले तं मराठी आलं होतं.”

त्यांनी मला दोष दिला असता तर मी काहीतरी बोलले असते. त्यांनी दिला नाही. त्यांनी भारा पुन्हा डोक्यावर घेतला आणि ते तांड्याकडे निघून गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठवड्यातून दोनदा सकाळी तांड्यावर जाऊ लागले. तसा आदेश नव्हता, त्याचे फोटोही पाठवायचे नव्हते. नवरा म्हणाला, सुट्टीत तरी घरी राहा. सरांनी किल्ली रिंगमधून काढून दिली. उन्हं चढायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात बसून मी मोठ्यानं वाचायचे. मुलं यायची, जायची, कधी दोन असायची, कधी दहा. ती मुलगी यायची भावाला घेऊन, पण लांब, पायरीवर पाठ करून बसायची. मी तिला वाच म्हटलं नाही.

एकदा मी माकडाची एक गोष्ट वाचत होते. पायरीवरून बारीक आवाज येऊ लागला. मी थांबले की तोही थांबे. मी एक वाक्य वाचलं की ती तेच भावाला तांड्याच्या बोलीत सांगत होती. मला सगळं कळत नव्हतं, पण वाक्यांच्या शेवटी येणारा ‘छ’, म्हणजे आपला ‘आहे’, ऐकू येत होता आणि भाऊ योग्य जागी हसत होता. एका ठिकाणी तिनं तीन-चार वाक्यं जास्तच सांगितली, पुस्तकात नसलेली, आणि तिथं तो सगळ्यांत जास्त हसला. मी पुढचं पान उलटलं तशी ती मागे न वळता म्हणाली, “मॅडम, जरा हळू वाचा. मले सांगाले वेळ लागते.”

मला वाटलं होतं इथून सगळं सुरळीत होईल. तसं झालं नाही. शाळा सुरू झाल्यावर चौथीच्या मुलांची वाचनचाचणी झाली. ठरलेल्या वेळात परिच्छेद वाचायचा होता. ती मध्येच थांबून परिच्छेदातल्या माणसानं तसं का केलं याचा विचार करत बसली, वेळ संपला. मोबाइलवरच्या रकान्यात तिच्या नावापुढे ‘शब्द स्तर’, म्हणजे नुसते सुटे शब्द वाचता येतात, असं भरावं लागलं. मी सरांना म्हटलं, ही पोर मराठी ऐकून उभ्या उभ्या बोलीत गोष्ट सांगते, वर आपली भर घालते, हे कुठल्या रकान्यात भरू? सर म्हणाले, “रकाना नाही, मॅडम.” आणि मग, “असाले पाह्यजे होता.” त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

आता ती पुन्हा वाचते. हळू वाचते, आणि अनोळखी माणूस वर्गात आला की पुस्तक मिटते. यंदा प्रस्ताव आम्ही पेरण्या व्हायच्या आधीच पाठवला. दोनदा विचारून आले, साहेब बैठकीत होते. सोयाबीन निघायला आलं आहे, कपाशीला बोंडं धरली आहेत आणि तांड्यावर मुकादमाचे फोन सुरू झाले आहेत. परवा तिच्या आईला विचारलं, यंदा तरी ठेवता का हिला? ती म्हणाली, “पाहू.” मी चिडले. हे सगळे पाहूच म्हणतात, साहेब, सर, आई, मीसुद्धा. मी तिला म्हटलं, पाहू नका, सांगा.

ती हसली, “अन् याले?” म्हणाली आणि धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवून आत चहा करायला गेली.